भिंतीतून एक वायर जाऊ द्या

‘वाय-फाय नीट येत नाही’ असा फोन आला की मी आधी प्लॅन किती एमबीपीएसचा आहे ते विचारत नाही. राउटरचा डबा कुठे बसवलाय ते विचारतो. बहुतेक घरांचं उत्तर ठरलेलं असतं: मुख्य दाराजवळ, चपलांच्या कपाटावर, नाहीतर टीव्हीच्या मागे. फायबरची वायर जिन्यातून वर येते, दाराच्या चौकटीपाशी भोक पाडणं सोपं पडतं आणि जोडणीला आलेल्या मुलाला संध्याकाळपर्यंत आणखी चार घरं उरकायची असतात. घरातलेही म्हणतात, ‘इथेच लावा, वायर दिसायला नको.’ झालं. पुढची कित्येक वर्षं त्या घरात कुणाला नेट मिळणार आणि कुणाला नाही, याचा निकाल त्या दहा मिनिटांत लागलेला असतो.

मी पुण्यात हेच काम करतो. टेलिफोनच्या वायरी ओढण्यापासून सुरुवात केली, मग केबल टीव्ही, मग सीसीटीव्ही आणि आता फायबर, वाय-फाय. कोथरूडच्या तीन मजली जुन्या इमारतींपासून वाकडच्या टॉवरपर्यंत लोकांच्या भिंती जवळून बघितल्या आहेत, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण ज्याला इंटरनेटचा प्रश्न म्हणतो तो बऱ्याचदा बांधकामाचा प्रश्न असतो. मेश, म्हणजे घरात दोन-तीन डबे ठेवून त्यांचं एकच जाळं करणं, हा त्यावरचा चांगला उपाय आहे, पण मेशच्या डब्यांना मागून वायर मिळाली तर. आणि ती वायर टाकायची सोय घर बांधतानाच व्हायला हवी. विजेचा पॉइंट, पाण्याचा नळ जसा आपण गृहीत धरतो, तसाच प्रत्येक खोलीत नेटचा पॉइंट मागून घेतला पाहिजे.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. हॉलमध्ये नेट उत्तम चालतं. पण नेटची खरी गरज असलेला माणूस हॉलमध्ये बसतच नाही. तो आतल्या खोलीत दार लावून बसलेला असतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलेली सून, बारावीची मुलगी, पलंगावरून उठू न शकणारे आजोबा, ज्यांना डॉक्टर व्हिडिओवर तपासणार असतात. सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात मी गेलो तेव्हा तिथल्या ताईंनी स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून एक स्टूल आणि छोटं टेबल टाकलं होतं. बेडरूममध्ये मीटिंग तुटायची, ओट्याजवळ दोन दांड्या यायच्या. घरातल्यांना ते सवयीचं झालं होतं. त्यांच्या पगाराचं काम कुकरच्या शिट्ट्यांमध्ये चाललं होतं, आणि उपाय दोन खोल्या पलीकडे होता. अशा घरांत ‘नेट स्लो आहे’ असं म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. घरातल्या एका माणसाला नेट आहे आणि दुसऱ्याला नाही, असं म्हणायला हवं.

आता भिंतींचं बघू. आपलं वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची त्याच्या निम्म्याहून लहान. २.४ भिंतीतून बऱ्यापैकी पलीकडे जाते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत वर-खाली, डावी-उजवीकडे सगळ्यांचे डबे त्याच तीन चॅनलवर बोलत असतात. शेजारच्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने हा पट्टा चांगला रुंद करून परवान्यातून मोकळा केला. वेगही तिथेच मिळतो, पण भिंतीपुढे तो टिकत नाही. सिग्नल डेसिबलमध्ये मोजतात. दहा डेसिबल गेले म्हणजे ताकद दहावा हिस्सा उरली, वीस गेले म्हणजे शंभरावा. अर्ध्या विटेची पार्टिशनची भिंत थोडं खाते. सळई घातलेली आरसीसीची भिंत ५ गिगाहर्ट्झचे वीस किंवा त्याहूनही जास्त डेसिबल एका दमात गिळू शकते. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झचा खालचा पट्टाही घरगुती वाय-फायसाठी खुला करण्याच्या नियमांचा मसुदा निघाला. त्याने वेग आणखी वाढेल, पण भिंतीपुढे ६ ची अवस्था ५ पेक्षा बरी असणार नाही.

जुन्या इमारतीत आरसीसी म्हणजे कॉलम, बीम आणि स्लॅब. मधल्या भिंती विटांच्या. आताचे पुष्कळ टॉवर मायवान पद्धतीने उभे राहतात. ॲल्युमिनियमचे साचे लावायचे आणि भिंती व स्लॅब एकदमच काँक्रीटने ओतायचे. काम झपाट्याने होतं, भिंत सरळ येते, गळतीचा त्रासही कमी. पण घरातली जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि आत सळयांची जाळी. त्यात बाथरूमच्या भिंतीतले पाण्याचे पाइप, वॉर्डरोबचा पूर्ण उंचीचा आरसा, लोखंडी कपाट, फ्रिज. आरशामागचा धातूचा थर आणि कपाटाचा पत्रा सिग्नल परतवतात. अशा घरात सिग्नल आतल्या खोलीत पोचतो तो मुख्यतः दारांतून, पॅसेजमधून वळत वळत. दार लावलं की फरक मीटरवर लगेच दिसतो.

वाकडच्या अशाच एका टॉवरमध्ये तीन बेडरूमचं घर होतं. कुटुंबाने आधी प्लॅन १०० चा ३०० केला. हॉलमध्ये पुरेपूर तीनशे मिळायला लागले, शेवटच्या बेडरूममध्ये दहासुद्धा नाहीत. मग दुकानातून तीन डब्यांचा मेश संच आणला. दुकानदाराने सांगितलं होतं, जिथे नेट येत नाही तिथे डबा ठेवा. तसा ठेवला. मोबाइलवर सगळ्या दांड्या भरलेल्या आणि मुलाचा क्लास तरीही अडकतोय. घरातले चक्रावून गेले होते. त्यांना वाटलं, डबाच खराब आहे.

डबा चांगला होता. मोबाइलवरच्या दांड्या सांगतात फोन आणि जवळचा डबा यांच्यातलं. तो डबा स्वतः मुख्य डब्याचं किती ऐकू शकतोय, हे त्या दांड्या सांगत नाहीत. जिथे सिग्नल मेलाय तिथेच ठेवलेला डबा तुम्हाला मेलेलाच सिग्नल जोरात ऐकवतो. मेशच्या ॲपमध्ये प्रत्येक डब्याची मागची जोडणी कशी आहे ते दिसतं. संच आणल्यावर पहिल्यांदा ते उघडून बघा. बिनतारी मेशचा दुसरा डबा मेलेल्या खोलीत ठेवू नये. मुख्य डबा आणि ती खोली यांच्या मधे, जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे ठेवावा. पॅसेजचं टोक, समोरासमोरची दोन दारं दिसतील अशी जागा. फोनवर सिग्नल मोजणारं ॲप असतं, त्यात उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून बरा आकडा मिळाला तर व्हिडिओ कॉल टिकतो. उणे ८० च्या पलीकडे गेलात की आशा सोडा.

मेशची कल्पना मला मनापासून आवडते. प्रत्येक डबा आपल्या शेजाऱ्याचा निरोप पुढे नेतो आणि सगळे मिळून एका नावाचं एक जाळं होतं. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेतल्या मुलांना ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले होते. त्या लॅपटॉपची रचनाच अशी होती की मधे राउटर नसला तरी एक लॅपटॉप दुसऱ्याशी आणि दुसऱ्यामार्फत तिसऱ्याशी बोलू शकेल. शाळेच्या वर्गात, अंगणात, मोकळ्या जागेत ही कल्पना फुलते. आपण तीच कल्पना काँक्रीटच्या खोक्यांत आणून ठेवली आणि तिने तितकंच काम करावं अशी अपेक्षा धरली. घरगुती मेशचे संच २०१६ च्या सुमारास परदेशी बाजारात आले आणि हळूहळू आपल्याकडे पोचले.

साधा एक्स्टेंडर आणि मेश यातला फरकही समजून घ्यायला हवा, कारण दुकानात दोन्ही एकाच शेल्फवर असतात. एक्स्टेंडर अनेकदा वेगळ्या नावाचं वाय-फाय तयार करतो. खोली बदलली की फोनला हाताने नाव बदलून द्यावं लागतं. मेशमध्ये नाव एकच आणि कुठल्या डब्याशी जोडलं जायचं याबाबत डबे फोनला सुचवतात. शेवटचा निर्णय मात्र फोनचाच, त्यामुळे काही जुने फोन हॉलच्या डब्याला बेडरूममध्येही चिकटून राहतात. आणि दोन्हींची एक मर्यादा सारखी आहे. विहिरीवर हातोहात घागरी द्यायला माणसं उभी केली आणि मधल्या माणसाला त्याच हातांनी घ्यावंही लागलं आणि द्यावंही लागलं, तर पाणी निम्म्या वेगाने पुढे जाणार. दोन पट्ट्यांच्या स्वस्त मेशमध्ये हेच होतं. एकच रेडिओ मागून घेतो आणि पुढे देतो, वेग जवळपास निम्मा होतो, आणखी एक डबा ओलांडला की आणखी कमी. तीन पट्ट्यांच्या महाग संचात आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो, त्याने बराच फरक पडतो. पण त्या वेगळ्या रेडिओलाही भिंत ओलांडावीच लागते.

वायरला भिंत आड येत नाही. कॅट-सिक्स वायरमधून शंभर मीटरपर्यंत पूर्ण एक गिगाबिट जातं, आणि कुणाच्याच घरात इतकी लांबी लागत नाही. मेशच्या बहुतेक डब्यांना मागे वायरचा पोर्ट असतो, पण तो रिकामाच बघायला मिळतो. त्यात वायर लावली की डबे आपसात वायरने बोलतात आणि सगळा रेडिओ तुमच्या फोन-लॅपटॉपसाठी मोकळा राहतो. मग महाग तीन पट्ट्यांचा संच घ्यायची गरजही उरत नाही. हजाराच्या आतबाहेरची वायर कित्येक हजारांच्या डब्याला मागे टाकते, हे मी पुन्हापुन्हा बघतो आणि प्रत्येक वेळी लोकांना सांगतो.

‘पण भिंत फोडायची का?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. नुकताच रंग दिलेल्या घरात झिरी मारायला कुणाला आवडेल? अशा वेळी मी एक गोष्ट शोधतो. नव्वदच्या दशकापासून पुढे बांधलेल्या पुष्कळ फ्लॅटमध्ये हॉलला आणि एका बेडरूमला टेलिफोनचा पॉइंट असतो. लँडलाइन केव्हाच परत केलेली, पॉइंटवर बिनखाचेचं झाकण बसवलेलं, काही घरांत त्यावर कॅलेंडर टांगलेलं. त्या झाकणामागे बऱ्याचदा पाऊण इंची पाइप आहे आणि आत टेलिफोनची पातळ वायर निवांत पडलेली आहे. ती वायरच आपली दोरी. एका टोकाला तिला कॅट-सिक्स बांधायची, गाठ एका जागी जाड होऊ न देता थोडी लांबवर निमुळती करून टेप गुंडाळायची, वायरवर टाल्कम पावडर चोळायची आणि एकाने तिकडून ओढायचं, दुसऱ्याने इकडून सरकवत राहायचं. धसमुसळेपणा केला तर जुनी वायर तुटते आणि मग स्प्रिंग टाकून पाइप शोधत बसावं लागतं. जिथे पाइपला गोल बेंडऐवजी काटकोनी एल्बो वापरलाय तिथे काम अडतं. कधी पाइपमध्ये सिमेंटचं पाणी उतरून वायर जाम झालेली असते, तिथे सोडून द्यावं लागतं. पण जिथे ते जमतं तिथे बेडरूमच्या झाकणातून निळी वायर बाहेर आलेली बघताना घरच्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

वायर विकत घेताना एक करा. टोक सोलून एका तारेवर ब्लेड हलकं घासा. आतून तांब्याचाच रंग निघाला तर ठीक. पांढरट निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, वाकवलं की तुटतं. आणि पिन मारून झाल्यावर टेस्टर लावून आठही दिवे ओळीने लागतात का ते स्वतः बघा. सातवा किंवा आठवा दिवा लागला नाही तरी नेट चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वेग मात्र शंभरावर अडकतो आणि माणूस कंपनीला दोष देत राहतो. विजेच्या वायरच्या पाइपमधून ही वायर नेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. जिथे पाइपच नाही तिथे स्कर्टिंगच्या वरून पांढरी पीव्हीसी पट्टी मारून घ्या. चार दिवस ती डोळ्यांत भरते, मग पडद्याच्या दोरीइतकीही दिसत नाही.

आणखी दोन गोष्टी लोक विसरतात. कंपनीच्या डब्याचं वाय-फाय चालूच ठेवून शेजारी मेशचा डबा लावतात. मग दोघं एकमेकांच्या आवाजात बोलतात. कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करा आणि मेश ॲक्सेस पॉइंट किंवा ब्रिज मोडवर टाका. दुसरं म्हणजे वीज. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे आपल्या अंगवळणी पडलंय. हॉलचा डबा इन्व्हर्टरवर असतो आणि बेडरूमचा डबा साध्या सॉकेटवर. मग गुरुवारी आतल्या खोलीचं नेट बंद. डबा घेतला की त्याच्या विजेचाही विचार त्याच दिवशी करा. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बहुतेक डब्यांना पुरतो.

कोकणातल्या जांभ्याच्या घरांत भिंती दीड फुटाच्या, ओटीवरचं नेट माजघरात पोचत नाही. तिथे पाइप नसतात, पण कौलाखाली वायर न्यायला जागा असते. फक्त घरापासून गोठ्यापर्यंत किंवा मागच्या पडवीपलीकडे उघड्यावरून तांब्याची वायर नेऊ नका, पावसाळ्यात वीज पडली की दोन्हीकडची यंत्रं जातात. तिथे फायबरच टाका.

पण हे सगळं झालं दुरुस्तीचं. माझं खरं म्हणणं नव्या घरांबद्दल आहे. पुण्यात, मुंबईत जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सभासद बैठकीत किती चौरस फूट जादा मिळणार, पार्किंग किती, कॉर्पस किती यावर तासन्‌तास बोलतात, आणि ते बोलायलाच हवं. करारनाम्याच्या परिशिष्टात टाइल्सची जाडी, नळांचा ब्रँड, प्रत्येक खोलीतले विजेचे पॉइंट असं सगळं लिहिलेलं असतं. नेटच्या पॉइंटबद्दल एक ओळ नसते, किंवा असते ती हॉलमध्ये ‘टीव्ही व टेलिफोन पॉइंट’ अशी, वीस वर्षांपूर्वीच्या करारातून उचललेली. ज्या घराला पुढची पन्नास वर्षं उभं राहायचं आहे त्याला अशी ओळ पुरणार नाही.

दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी तारे देण्याचे नियम आणले. इमारतीत फायबरची सोय, मोबाइलचा सिग्नल, वाय-फाय बघून एक ते पाच तारे. पाऊल स्वागतार्ह आहे, पण ते ऐच्छिक आहे. बिल्डर स्वतःहून पुढे आला तरच. मला वाटतं, घर घेणाऱ्यांनी मागितल्याशिवाय तो पुढे येणार नाही. पाचव्या मजल्यावरचा व्हिट्रिफाइड टाइलचा नमुना बघायला आपण सगळं कुटुंब घेऊन जातो; त्याच वेळी ‘ताऱ्यांसाठी अर्ज केलाय का’ हा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

आणि मागणी फार मोठी नाही. घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये किंवा माळ्याच्या खाली, एक छोटी हवेशीर पेटी, तिच्यात इन्व्हर्टरवरचे दोन सॉकेट. मुख्य दाराच्या बाहेरच्या डक्टपासून त्या पेटीपर्यंत फायबरसाठी एक पाइप. पेटीपासून प्रत्येक खोलीत पंचवीस मिलिमीटरचा एक स्वतंत्र पाइप, कोपऱ्यात एल्बो नाही, गोल बेंड, आणि आत ओढायची दोरी. वायर नंतर आम्ही टाकू; पाइप तेवढा हवा. विटांच्या भिंतीत राहून गेलं तर नंतर झिरी मारता येते. मायवानच्या भिंतीत ती सोय नाही. ती भिंत इमारतीचा भार घेते, तिच्यात चॅनल कापायला कोणताही शहाणा इंजिनिअर परवानगी देणार नाही. पाइप जायचा तो काँक्रीट ओतण्याआधी.

म्हणून पुनर्विकासाच्या करारावर अजून सही व्हायची असेल तर ही पेटी आणि हे पाइप परिशिष्टात लिहून घ्या, प्रकल्प सल्लागाराला तसं लेखी पत्र द्या. काम सुरू झालं असेल तर साइट इंजिनिअरला तुमच्या मजल्याचे साचे कधी बंद होणार ते विचारून ठेवा आणि आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन सळयांमधून पाइप गेलेत का ते बघा. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी टेप धरा, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते कळेल. पुढे टीव्ही टांगताना किंवा कपाट ठोकताना ड्रिल मारणाऱ्याला ते फोटो दाखवता येतील.